एका गाडीला एकच हात

ड्रायव्हरआजोबा आमच्या व्यायामाच्या खोलीत पहिल्यांदा आले, तेव्हा नातीपेक्षा तेच जास्त रडले. नातीला सेरेब्रल पाल्सी. पाय जन्मापासून ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ते रोज हळूहळू ताणून सैल केले तरच ती उभी राहणार होती, आणि ते घरच्यांना शिकवणं हे माझं काम. पण पोरीने ओठ काढला की आजोबा हात सोडून मोकळे. मी झापलं, "आजोबा, लाड घरी. इथे फक्त पाय."

आयुष्यभर बस चालवलेले आजोबा. त्यांनी आपली युक्ती काढली. नातीचा गुडघा म्हणजे गिअरचा दांडा. "पहिला टाकतो हं," म्हणत ते गुडघा अलगद बाजूला न्यायचे, आणि पोरगी तोंडाने घुर्रर्र करायची. वरच्या गिअरला येईपर्यंत पाय चांगले फाकलेले असायचे आणि दोघं हसून बेजार. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा. माझ्या हाताखाली तीच पोरगी लाकूड व्हायची.

"सूनबाईंनाही शिकवा," मी कितीदा म्हटलं.

"एका गाडीला एकच हात, डॉक्टरीणबाई. दुसऱ्याने गिअर टाकला की गाडी रुसते."

सून, म्हणजे पोरीची आई, दाराशी उभी राहून बघायची. एकदा तिने हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने तो चक्क बाजूला सारला.

पोरगी फळीला टेकून उभी राहायला लागली, आणि थोड्याच दिवसांत आजोबा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सून पोरीला उचलून घेऊन आली. पाय पुन्हा एकमेकांवर चढले होते.

"मला हातच लावू देत नाही," ती म्हणाली. "आणि मामंजी नेमकं कसं धरायचे, तेही मला ठाऊक नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हाताऱ्याची मेल्यावरही गेली नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच रडू आलं.

मी तिचा हात पोरीच्या गुडघ्यावर ठेवला. "म्हणा, पहिला टाकते."

ती पुटपुटली. पोरीने घुर्रर्र केलं नाही. दाराकडे बघत ती अडखळत म्हणाली, "डायवर... नाही."

आईने हात काढून घेतला. मी तो धरून परत गुडघ्यावर ठेवला.