मामांच्या पंपावरचं मीटर

आमच्या घरात याआधी कोणी लिहिलेलं नाही, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. परवा बसस्टँडवर डिझेलचा वास आला आणि मामांचा मेहकर रस्त्यावरचा पेट्रोल पंप आठवला. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. पावसानं ताण दिला होता. बीटी कपाशीला पाणी देण्यासाठी इंजिनाचं डिझेल घ्यायला शेतकरी कॅन घेऊन उन्हात उभे होते, त्यांत माझे बाबाही होते. मामांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथं एक जुनं, मोडीतलं मीटर उघडून ठेवलं होतं. “भाचेबुवा, कॉलेजात काय शिकले ते सांगा जरा,” ते म्हणाले. मला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. हात माखून घेत मी सांगितलं, की आतले पिस्टन मागेपुढे सरकतात, दर फेऱ्याला ठरावीक डिझेल बाहेर ढकलतात आणि त्यावरून आकडा पुढे जातो. मीटरवरच्या एका छोट्या चाकावर बोट ठेवत त्यांनी विचारलं, “अन् हे चाक फिरवून पिस्टन कमी सरकले त काय होईन?” “आकडा तेवढाच दिसते मामा, पण डिझेल कमी पडते. म्हणून त त्या चाकाले सरकारी सील असते.” “हुशार हाय बे माहा भाचा!” म्हणत त्यांनी पाठ थोपटली आणि चहा मागवला. तो चहा किती गोड लागला होता, हे आजही मला विसरता येत नाही. पुढे हॉस्टेलवर गावातल्या मित्राचा फोन आला. तपासणीत पंपाचं सील तोडलेलं निघालं होतं, आणि जमलेल्या लोकांसमोर, बाबांसमोर, मामांनी सांगितलं होतं की ते चाक भाच्यानंच फिरवलं.