सातवा हात

आज मी नागपुरात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, ते आमच्या गावच्या माजी सरपंचबाईंमुळे. त्यांनीच इथल्या मॅडमना फोन करून मला कामाला लावून दिलं. आणि त्यांना माजी केलं ते मी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे धीर व्हायचा नाही.

शाळा सातवीत सुटलेली. बायकांसाठी जागा राखीव निघाली म्हणून मी ग्रामपंचायतीत मेंबर झाले. मासिक सभेची नोटीस आली की सरपंचबाई मला त्यांच्या ओट्यावर बसवायच्या.

"वाच वं, मोठ्यानं. सही कराच्या अगोदर वाचाचं."

मी अडखळले की हसायच्या. "काहून भेतं? कागद चावते का तुले?"

उपसरपंचाला त्यांची खुर्ची हवी होती. सरपंच बाई असली की तिला काढायला नऊ मेंबरांत सात हात लागतात. त्याच्याकडे सहा होते. एक दिवस तो माझ्या दारात आला. "घर सरकारी जागेवर हाय ना तुयं? तक्रार झाली त घरही जाईन अन् मेंबरकीही." पुढे अविश्वासाचा कागद धरला.

मी वाचला. 'सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत.' एकाही शब्दाला अडले नाही. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मेंबरबाईनं अंगठा लावला होता. तिला मागाहून म्हणता आलं, मले का माईत! मला तेवढीही सोय नव्हती. मी सही केली.

मग सहल. कोणी फुटू नये म्हणून सातही जणांना जीपमध्ये घालून रामटेकला नेलं, फोन काढून घेतले. म्हातारी ड्रायव्हरला विचारते, "काहून गा, देवाले चाललो का पोरगी पाहाले?" गाडीभर हसू. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

सभेत तहसीलदारांनी हात मोजले. माझा वर होता, नजर खाली.

बाहेर बाईंनी एवढंच विचारलं, "वाचून केली ना सही?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

घर वर्षभरात पाडलंच. तेव्हा माझ्यासाठी नागपूरला फोन लावला तो त्यांनीच.

गावच्या मतदार यादीत माझं नाव अजून आहे. एकदा ग्रामसभेला जाईन, त्या ठरावाची नक्कल मागून उभ्यानं मोठ्यानं वाचीन. ते वाक्य आलं की सांगीन, हे खोटं आहे, आणि सही करतानाही मला माहीत होतं.  बाई, एवढं तुमचं देणं मी फेडीन.