चौथी तार

आमच्या शिरूरच्या ऑर्केस्ट्रासाठी जुनी बेस गिटार घ्यायला मी दौंडला एका रिटायर्ड रेल्वे गार्डाकडे गेलो होतो. ती वाजवणारा त्यांचा मुलगा वारला होता. एक डोळा मिटून दांडी सरळ असल्याची खात्री केली आणि तिथंच ओट्यावर नव्या तारा चढवायला बसलो. मी काढलेली एकेक जुनी तार म्हातारबाबा रॉकेलच्या फडक्यानं घासून लख्ख करत होते.

“आबा, कशाला घासताय? वाजवणाऱ्याच्या बोटांच्या घामानं गंजल्यात त्या. आता कामाच्या न्हाईत.”

त्यांचा हात थांबला.

“म्हंजी ह्यो गंज माझ्या पोराचा हाय?”

मी नुसतं “व्हय” म्हणालो.

तीन तारा तोवर पुसून झाल्या होत्या. चौथी, शेवटची, त्यांनी तशीच गंजलेली उचलली आणि सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली.