दोन बोटांचं भांडण

भाओजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याशीच भांडायच्या तयारीत होते. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता आणि खळ्यात उभी राहून मी मनातल्या मनात मुद्दे जुळवत होते. या वर्षी नांगरट दोन बोटं खोल करायचीच, हे माझं ठरलं होतं. ते 'नाही' म्हणणार, हेही ठाऊक होतं. फोन नलूताईचा होता. नलूताई माझी थोरली बहीण. मला वाटलं, तिच्या फोनवरून भाओजीच बोलतायत, म्हणून 'हॅलो'सुद्धा न म्हणता मी सुरुवात केली, "हे बघा, लव्हाळ्याच्या मुळ्या यंदा..." पलीकडून ताई म्हणाली, "सुमे, अगं, हे गेले गं." सकाळचा चहा घेऊन वर्कशॉपकडे निघाले, चपला घालायला ओटीवर बसले, ते उठलेच नाहीत. मीही खळ्यात तशीच खाली बसले. रडू यायच्या आधी मला राग आला, खरं सांगते. भांडण असं अर्ध्यावर टाकून कोणी जातं का...

समाचाराला आलेले लोक ताईला सांगत होते, देवमाणूस होते. मी ऐकून घेतलं. दिगंबर भाओजी देवमाणूस वगैरे मुळीच नव्हते. हट्टी होते, चांगलेच बढाईखोर होते आणि जेवायला बसले की आमटीत बोट बुडवून ताटात फाळाची आकृती काढायचे. "अहो, भात थंड होतोय," म्हणून ताई वैतागायची, तर हे म्हणायचे, "हा कोन बघ. कंपनीवाल्यांना हा कोन सुचला नाही." दुसऱ्याने बनवलेलं यंत्र त्यांना कधी आवडलं नाही. स्वतःचंही फार दिवस आवडायचं नाही, आणि माझ्या मते तोच त्यांचा खरा गुण होता.

ते तळा गावचे. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करून काही वर्षं कारखान्यात नोकरी केली, मग साहेबाशी वाजलं आणि तळ्याला परत येऊन शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप टाकलं. तिकडची माती तांबडी, डोंगरउताराची. तिथे जितका खोल नांगर घालाल तितकं लोक कौतुक करतात. आमचं गाव खाडीकाठी, खारेपाटात. आमची शेतं म्हणजे बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. भरतीचं पाणी बांधाबाहेर अडवायचं, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या मोरीच्या, दारातून खाडीत सोडायचं, असं पिढ्यानपिढ्या करत राहिल्यावर वरची थोडी माती गोडी होते. तिच्याखाली मीठ असतंच. म्हणून आबा, म्हणजे आमचे वडील, नांगर अगदी उथळ धरायचे. भाओजी लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा बांधावर उभे राहून हसले होते. "आबा, जमिनीला गुदगुल्या करताय का?" आबा काही बोलले नाहीत. जावयाला कोण बोलणार!

आबा गेले, त्यांच्या मागोमाग बैल गेले. भाऊ उरणला ट्रकच्या धंद्यात शिरला. मी गावातच शाळेत शिकवत होते, म्हणून खाराचा तुकडा माझ्याकडे आला. ट्रॅक्टर आणला तर आमच्या चिकणमातीत पोटापर्यंत रुततो. गावात बैलजोडी शोधून मिळेना. भाऊ म्हणाला, "सुमन, सोड आता. कोळंबीवाले तलावासाठी जागा मागतायत, देऊन टाकू." एकदा का शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी सोडली की ती जमीन पुन्हा भाताची होत नाही, हे आजूबाजूला दिसत होतं. मला ते नको होतं. आबांनी गोडी केलेली माती माझ्या हातून खारी व्हायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं. भावाने दोन-तीन हंगामांची मुदत दिली आणि मी भाओजींना फोन केला.

ते खूश झाले. अवघड काम दिलं की त्यांची तब्येत सुधारायची. एक जुना पॉवर टिलर घेऊन त्यांनी त्याचं निम्मं वजन उतरवलं, रबरी चाकांच्या जागी सळ्यांची रुंद पिंजऱ्यासारखी चाकं बसवली, म्हणजे चिकणमातीवर भार पसरतो आणि यंत्र रुतत नाही. मागे स्वतःच्या कोनाचे फाळ लावले. मुरुडचे इस्माईलभाई त्यांच्याकडे वेल्डिंगला होते. ते दोघं टेम्पोतून यंत्र घेऊन आले, तेव्हा मी शाळेत होते. मी परतले तोवर निम्म्याहून जास्त शेत नांगरून झालं होतं. काळी, तेलकट ढेकळं वीतभर खालून उलटून आली होती आणि भाओजी मोबाईलवर त्यांचे फोटो काढत होते. गावातली जाणती माणसं बांधावर ओळीने उभी होती. सगळ्यांना कळत होतं की हे खोल चाललंय. एकानेही तोंड उघडलं नाही. पुढे मी त्यांना जाब विचारला तर म्हणाले, "गावचा जावय तो. त्याला चुकतंय असं कसं म्हनायचं, पोरी? बरं दिसतं का?" इतकंच नव्हे, त्या दिवशी त्यांनी नारळ-टोपी देऊन भाओजींचा सत्कार केला होता!

उन्हाळ्यात मीठ वर आलं. आधी ढेकळांच्या कडांवर पांढरं दिसलं, मग सगळं शेत चुना मारल्यासारखं झालं. पावसात मोड आलेलं भात पेरणीला फेकलं, ते हातभर व्हायच्या आधी पिवळं पडून जळालं. मी फोन लावला. "भाओजी, मिठागर करायचं होतं तर आधी सांगायचं न्हाय का? फळ्या आणून ठेवल्या असत्या मीठ ओढायला." ते एवढंच म्हणाले, "येतो." दुसऱ्या दिवशी एसटीने आले, शेताच्या मधोमध गेले, खाली वाकून मातीचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. थुंकले. पुन्हा दुसरीकडचा उचलला. भाऊ लगेच म्हणाला, आता तरी कोळंबीवाल्याला बोलव. भाओजी त्याला म्हणाले, "मी वर काढलंय, मीच खाली घालवतो. तोवर तू इथे यायचं नाही." सासरच्या माणसाला असं दरडावणं त्यांना शोभत होतं, खरंच.

मग पुढचे दोन पावसाळे तळ्याचा हा इंजिनीअर उघाडीवर दिसायचा. शेतात पावसाचं पाणी तुंबवायचं, मिठाला त्यात विरघळू द्यायचं आणि ओहोटी लागली की दार उघडून ते खाडीत सोडायचं. पुन्हा तुंबवायचं, पुन्हा सोडायचं. ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ झाल्या. छत्री, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि कमरेला पान्हा. पान्ह्याचं उघाडीवर काय काम, हे मी विचारलं तर म्हणाले, "सवय आहे. नसला की चालताना तोल जातो." जाणत्यांनाही आता कंठ फुटला होता. कुणी म्हणे दार अजून उघडा, कुणी म्हणे आता बंद करा, आणि जावईबापू मुकाट्याने ऐकायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पीक आलं. अर्धंमुर्धंच, पण भात होतं. भाऊ ते बघायला आला, चार लोंब्या हातात चोळल्या आणि कोळंबीचं नाव पुन्हा काढलं नाही.

यंत्रही तोवर पार बदललं होतं. माती उलटवणारे फाळ गेले. त्यांच्या जागी वाकवलेली पाती आली, ती मातीला जागच्या जागी कापून हलवतात, खालचं वर आणत नाहीत. दोन पात्यांत चिकणमाती लिंपून बसायची, म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढवलं. नटबोल्ट खाऱ्या हवेत गंजून अडकायचे, तेही बदलले. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे चप्पल. यंत्राच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी पट्टी जमिनीवर घसरत जाते, तिला आम्ही चप्पल म्हणतो. ती जितकी वर बांधाल तितकी पाती खोल जातात. ती बांधायला यंत्राच्या उभ्या पट्टीवर खालून वर बोल्टची भोकं असतात. भाओजींनी आमच्या यंत्राचं सर्वात खालचं भोक ठेवलं आणि वरची सगळी वेल्डिंग करून बुजवून टाकली. "म्हणजे माझ्यासारखा कुणी शहाणा आला तरी चुकू शकणार नाही." पुढे उरणपासून मुरुडपर्यंतच्या खारातले लोक त्यांच्याकडून ही यंत्रं घेऊन गेले. प्रत्येकाला ते आधी आमच्या शेताची गोष्ट सांगायचे, स्वतःची फजिती अगदी रंगवून. बढाई मारावी तशीच.

भांडण नंतर सुरू झालं, आणि ते मीच काढलं. जमीन सुधारली, पीक भरून यायला लागलं, पण लव्हाळा माजला. पाती त्याचा शेंडा कापायची, मुळ्या खाली सुखरूप. भांगलायला, म्हणजे हाताने तण काढायला, माणसं मिळत नाहीत. असंच चाललं तर लव्हाळाच शेत गिळणार आणि भाऊ पुन्हा कोळंबी आठवणार. मी म्हटलं, दोन बोटं खोल जाऊ द्या. ते म्हणाले, नाही. दर वर्षी भात निघालं की मी फोन करायची आणि दर वर्षी ते नाही म्हणायचे. "सुमन, खाली काय आहे ते मी चाखलंय." मी म्हणायची, तेव्हा तुम्ही वीतभर गेला होतात, मी दोन बोटं मागतेय. भित्रे झालात तुम्ही. ते म्हणायचे, "झालो." ज्याला साऱ्या कंपन्यांपेक्षा जास्त कळत होतं, तो माणूस माझ्या दोन बोटांना घाबरत होता. मला हसू यायचं आणि चीडही यायची. शेवटची भेट गौरी-गणपतीत झाली. निघताना एसटीच्या खिडकीतून त्यांनी ओरडून सांगितलं, "भोक पाडणार नाही म्हणजे नाही!" गाडीतले लोक वळून बघायला लागले.

गेल्या आठवड्यात इस्माईलभाई आमचं यंत्र घेऊन आले. दुरुस्तीसाठी ते वर्कशॉपमध्ये गेलेलं होतं. वर्कशॉप आता इस्माईलभाई आणि ताई चालवणार आहेत. ताईला प्रत्येक पात्याचा कोन ठाऊक आहे, इतकी वर्षं तिच्या ताटात तेच वाढलेलं होतं. टेम्पोतून यंत्र उतरवलं, मी फडक्याने पुसायला लागले आणि चपलेपाशी थांबले. बुजवलेली भोकं होती तशीच होती. पण वापरातल्या भोकाच्या वर, थोड्याशा अंतरावर, एक नवीन पाडलेलं होतं. बाकी पट्टी गंजून तपकिरी झालेली आणि याची कड चकचकीत. दुसऱ्या बाजूची चप्पल बघितली, तिच्या पट्टीलाही तसंच. मी मधल्या अंतरावर माझं बोट आडवं ठेवलं. बरोबर एक बोट.

"हे कधी केलं?"

"गनपतीहून आले ना, तेव्हाच," इस्माईलभाई म्हणाले. "मला हात लावून दिला न्हाय. स्वतः मशीनवर बसले."

"मी दोन मागितली होती."

"ते पन बोलले. बोलले, ती भांडणार. तिला सांग, एक या साली. दुसरं पुढच्या साली मी येऊन माती बघतो, मग ठरवू."

इस्माईलभाई टेम्पोचं फळकं लावायला गेले. मी पदर डोळ्यांना लावला आणि चांगली रडले, महिनाभर साठलेलं. मग त्यांच्याकडून पान्हा मागून घेतला आणि दोन्ही चपला नव्या भोकात बांधल्या. पहिलं तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, काढल्यावर यंत्र थांबवलं. लव्हाळ्याच्या मुळ्या कापलेल्या दिसत होत्या, पांढऱ्या, ताज्या. त्यांच्याखालच्या मातीचा खडा उचलून मी तोंडात टाकला. जरासा खारट लागला. फार नाही, पण लागला. दुसरं बोट मी कधीच मागणार नाही.