एप्रिलचा डोंगर

सांगायची लाज वाटते, पण दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आधी.

माझी नोकरी जमिनीवर नजर ठेवायची. म्हणजे जमिनीवर जायचं नाही, उपग्रहाची चित्रं कॉम्प्युटरवर बघायची. हिरवं दिसलं की झाडोरा आहे, लाल दिसलं की जमीन उजाड होत चालली. यवतमाळात पंख्याखाली बसून घाटंजीकडचा डोंगर तपासता येतो, आणखी काय पाहिजे?

तर तिथल्या एका गावाने सात वर्षं चराई बंद ठेवून आपला डोंगर राखला होता. त्यावर पुढचं बांधबंदिस्तीचं काम द्यायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. गेल्या ऑक्टोबरचं चित्र हिरवंगार होतं. आता ताजं हवं म्हणून एप्रिलचं उघडलं. एप्रिलात ढग नसतात, चित्र कसं लख्ख येतं.

डोंगर लालेलाल.

माझं डोकं सकाळपासून तापलेलंच होतं. ऑफिसच्या आवारात गाडीला सावली नाही, सीट तव्यासारखी. रागारागात साहेबांच्या नावे शेडसाठी अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. त्यात हा डोंगर. गावच्या वनसमितीच्या अध्यक्ष कौसल्याबाईंना फोन लावला.

“बाई, डोंगर कोणाला चारला?”

“कोन चारन साहेब? त्या डोंगरापायी आमी साऱ्या बकऱ्या इकल्या.”

“मग झाडं कुठे गेली?”

“जागीच हायेत. मी त्याइच्याच खाली उभी हाओ.”

“खोटं बोलू नका. मला वरून दिसतंय.”

वरून! जसा काही मीच आभाळात घिरट्या घालत होतो. फोन ठेवला आणि शेरा मारला, ‘गावाने डोंगर उजाड केला. पुढील काम देऊ नये.’ राग आला की माझं मराठी फार शुद्ध होतं.

तिसऱ्या दिवशी कौसल्याबाई एसटीने थेट ऑफिसात. बसा म्हणायच्या आत त्यांनी माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली. सुपाएवढी वाळकी पानं सगळ्या कागदांवर पसरली.

“हे काय?” मी ओरडलो.

“तुमाले लाल दिसलं ना, थेच आनलं. सागाचा डोंगर हाये साहेब. उन्हाळ्यात पानं झडतेत, पानी पडलं का फुटतेत. तुमचं गाव कोनतं?”

“मारेगाव.” माझा आवाज निम्मा झाला होता.

“मंग तिकडं साग नाई काय?”

आहे हो. सागातच वाढलो मी. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की माणूस झाड विसरतो आणि रंग बघतो. सात वर्षांची राखण मी एका ओळीत पुसून टाकली होती. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. तरी ताठा सुटतो का?

“बाई, ही शास्त्रीय बाब आहे. साग नेमका कधी झडतो, ते तपासावं लागेल.”

कौसल्याबाईंनी पानं आवरायला घेतली. खालून एक कागद निघाला. तो डोळ्यांजवळ धरून त्या एकेक शब्द लावत मोठ्याने वाचू लागल्या. सगळं ऑफिस कान टवकारून ऐकत होतं.

“‘महोदय, आवारातल्या सागाची पाने दर उन्हाळ्यात संपूर्ण झडतात. त्यामुळे माझ्या गाडीस सावली राहत नाही. तरी शेड बांधून मिळावी.’” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “सही तुमचीच हाये ना साहेब?”

शेरा मी त्यांच्यासमोरच खोडला. अर्ज पुढे पाठवायची मात्र हिंमत झाली नाही. गाडी अजून उन्हातच असते.