मशीन ठेवू की विकू?

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला कॅम्प दोन वस्तीच्या बाजारात दुकानांची पत्रकं वाटत होतो. मधुमेहानं आधी तिचे डोळे धरले, मग मूत्रपिंडं. महिना झाला, राग उतरत नाही. ती मेली त्याचा नाही... तिला जिवंतपणी बनवलं, त्याचा.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. अंबरनाथला घरीच जीन्स शिवायची. सकाळचं पहिलं काम ठरलेलं : एक डोळा मिटून सुई ओवायची, मग दुसरा मिटून. एके सकाळी उजव्यानं ओवेना. तेवढ्यात निवडणुकीची हवा लागलेल्या आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं, भाऊसाहेबांनी, नेत्रशिबिर भरवलं. कमानीवर मोठ्ठं : ‘दृष्टी परत मिळवा’. मोतीबिंदूवाले आणि साखरेनं डोळे बिघडलेले, सगळे एकाच रांगेत. आत्यानं सरळ विचारलं, “डॉक्टर, पाच वर्षांनी मला सुई ओवता येईल का? तेवढं सांगा. मशीन ठेवू की विकू, ते ठरवते.” डॉक्टरनं मान वर केली नाही. “मावशी, टेन्शन मत लो. सब ठीक होगा.” या वाक्याची मला आजही किळस येते. लेझर मारलं, काळा चष्मा चढवला, फोटो काढला, झालं. शेजारच्या शेवंताबाईंना मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्याच दिवशी टीव्ही लख्ख दिसला. आत्या वाट बघत बसली... काही उजळेना. “फुकटचं ते असंच,” म्हणाली आणि पुढच्या तारखांना गेलीच नाही. वर्ष सरायच्या आत उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो गेला.

मग मी तिला ओढत मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. “मावशी, गेलेली नजर लेझरनं येत नाही. आहे ती राखायला लेझर असतं. पाच वर्षांचं छातीठोक कोणी सांगणार नाही. पण साखर, बीपी आवरलंत, तपासणीला येत राहिलात, तर डावा टिकायची आशा चांगली आहे. नाही आलात तर तोही जाईल.”

आत्या फाडकन म्हणाली, “एवढं सांगायला त्या शिबिरवाल्यानं काय मिठाची गुळणी धरली होती?”

मशीन तिनं विकली नाही. तपासणी चुकवली नाही. मूत्रपिंडांनी दगा दिला, पण डावा शेवटपर्यंत टिकला.

परवा भाऊसाहेबांची दोन माणसं आत्याच्या घराच्या दारात उभी. “ताईंचा काळ्या चष्म्यातला फोटो आहे आपल्याकडे. श्रद्धांजलीचा बॅनर लावतोय.” मी म्हटलं, “बॅनर पुढच्या शिबिराला लावा. लेझरनं काय होतं आणि काय होत नाही, ते त्यावर लिहा.” त्यातला एक हसला. “दादा, बॅनरवर एवढी जागा कुठे असते?”

मी तोंडावर दार लावलं. आत खिडकीशी मशीन तशीच आहे. भरती व्हायच्या सकाळी तिनं सुईत निळा दोरा घातला होता, एकट्या डाव्या डोळ्यानं. “बघ, एका झटक्यात,” म्हणाली होती.

तो दोरा आम्ही कोणी काढलेला नाही.