सात नंबरची खाट

सिस्टर पंच्याहत्तरीला टेकल्यात, पण चाल अजून वॉर्डातलीच, रबरी तळव्यांची. मागे कधी येऊन उभ्या राहतील, नेम नाही. जुन्या बाळंतिणींच्या दवाखान्याचं संग्रहालय झालं, तेव्हा पाहुण्यांना फिरवायला समितीला एखादी नटी हवी होती. मी म्हटलं, नटी कशाला? तीस वर्षं इथं राबलेली बाई दोन गल्ल्या पलीकडे रिकामी बसली आहे.

त्या जुना गणवेश चढवून आल्या. कापडी बाळाला उलटं धरून अशी चापटी मारत, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. बायकोच्या मागोमाग आत घुसणाऱ्या नवऱ्याला म्हणत, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुमच्या आजोबांनाही तिथंच बसवलं होतं."

मी जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून भिंतीवरच्या पाटीचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'या खोलीत प्राण गमावलेल्या स्त्रिया.' नोंदवहीतून अकरा नावं उतरवली. सिस्टरांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"बाई, ही मेलेली नाही."

"नोंदवहीत मेली आहे. खाली सही तुमचीच."

"म्हणून तर सांगते."

मग सिस्टरांनी सांगितलं. नोंद झाली त्या दिवशी दुपारी खिडकीची काच फुटली होती. सात नंबरची तापानं फणफणलेली; तिला वारा लागायला नको, म्हणून सिस्टरांनी सात आणि आठ या दोन खाटा बाळंतिणींसकट ढकलून अदलाबदल केल्या. नावांची कार्डं मात्र भिंतीवरच्या खिळ्यांना तशीच राहिली. संध्याकाळी एक गेली, तिचं बाळही. डोक्यावरचं कार्ड बघून सिस्टरांनी नाव लिहिलं, ते दुसरीचं. दोघी एकट्याच आलेल्या. शव न्यायला कोणी नव्हतं. दवाखान्यानंच सगळं उरकलं.

"आठ दिवसांनी उरलेलीला घरी सोडायचं होतं. मी कार्डावरचं नाव पुकारलं. तिनं वरच्या कार्डाकडे पाहिलं, मग म्हणाली, 'हजर'. माझ्याकडे बघत राहिली, आणि मला खाटा आठवल्या."

"आणि तुम्ही?"

"काय करणार? आली तेव्हा अंगावर वळ होते. बाळ उचललं आणि गेली. दुसऱ्याच दिवशी नवरा शोधत आला. मी वही पुढे केली. वाचून निघून गेला. डोळ्यांतून टिपूस नाही."

मी उतावळी आहे. म्हटलं, "त्यात काय, नाव खोडू, खरं लिहू."

"आणि ती कुठं जगत असली तर? ती मेलीच नाही हे त्याच्या माणसांना भिंतीवर लिहून कळवायचं?"

"मग राहू दे."

"आणि जी मेली, तिनं दुसरीच्या नावावर किती वर्षं मरून राहायचं? रोज झाडायला आले की ती आठ नंबरच्या जागी बसलेली असते, बाई. नुसती कार्डाकडे बघते."

मला भुताखेतांचं वावडं आहे. पण त्या दिवशी मी आठ नंबरकडे पाठ करून बसले नाही, हे कबूल करते.

शेवटी मथळा बदलला: 'या खोलीत राहून गेलेल्या स्त्रिया.' अकराची बारा नावं झाली. कोण मेली, कोण वाचली, लिहिलंच नाही. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हा इतिहास नव्हे. मी म्हटलं, पुरावा दाखवून पाटी बदला. नोंदवही कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.

आता फेरीच्या शेवटी सिस्टर वॉर्डातल्यासारखी हजेरी घेतात. अकरा नावं भराभर. बाराव्याला, आठ नंबरच्या जागी मेलेलीच्या खऱ्या नावाला, थांबतात आणि घोळक्यातल्या म्हाताऱ्या बायकांची तोंडं न्याहाळतात. त्या नावाला ओ देणारी एक मेलेली आहे आणि एक जिवंत. पाहुण्यांना वाटतं, सिस्टर दमल्या.

परवा मी मागच्या भिंतीशी उभी होते. त्यांनी बारावं नाव घेतलं, थांबल्या. मग सिस्टरांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि त्यांनी हलकेच मान डोलावली, हजेरी लागल्यासारखी.

माझ्या मागे भिंतच होती. मी वळून पाहिलं नाही.